जोएल बात्स : लिऑनचे आठ प्रशिक्षक बदलले, कीपरांचा मास्तर तोच राहिला

दुसरा_खांब (धागाकर्ता)

मोठी स्पर्धा जवळ आली की १९८६ च्या विश्वचषकातल्या ब्राझील-फ्रान्स सामन्याच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. झिको पेनल्टी मारतो, फ्रान्सचा कीपर ती अडवतो, खाली कुणीतरी ‘काय दिवस होते’ असं लिहितं आणि जोएल बात्स या माणसाशी आपली ओळख तिथेच आटोपते. मला लिहायचंय ते मुख्यतः त्याच्या नंतरच्या वर्षांबद्दल.

आधी एक हिशोब. २००० साली बात्स फ्रान्सच्या लिऑन क्लबमध्ये कीपरांचा कोच म्हणून आला आणि २०१७ च्या अखेरीस तिथून निघाला. तेवढ्या काळात क्लबचे मुख्य प्रशिक्षक किती झाले? सांतिनी, ल ग्वेन, उलिये, पेरँ, पुएल, गार्द, फूर्निये, जेनेझिओ. आठ! फुटबॉलमधली रीत अशी की नवा साहेब आला की आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्यांच्या हातात नारळ देतो. बात्सला कुणी हात लावला नाही. यातला जेरार उलिये तर एके काळी त्याचाच प्रशिक्षक. १९८६ मध्ये पीएसजीने (पॅरिस सेंट-जर्मेन) पहिल्यांदा फ्रेंच लीग जिंकली तेव्हा बाकावर उलिये होता आणि गोलात बात्स. वीसेक वर्षांनी दोघं लिऑनच्या एकाच बाकावर.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्यांना मुख्य प्रशिक्षक होता आलं नाही त्यांची सोय म्हणजे कीपरांचा कोच, असं सरसकट मानलं जातं. बात्सने मुख्य खुर्चीही चाखली आणि ही खुर्चीही. पहिलीत तो दोन-तीन वर्षं होता, दुसरीत सतरा वर्षं मुरला. त्याचं खरं काम या दुसऱ्या जागी झालंय.

आता मूळ गोष्ट. जन्म १९५७ चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मों-द-मार्सांचा. तो मुलूख रग्बीचा. फुटबॉलसाठी पोरगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, प्यूजो मोटारींच्या गावी सोशोला गेला. तिथे आल्बेर रुस्ट नावाचा पक्का कीपर होता. कीपरच्या जागेचं हेच वाईट. विंगरला डावीकडे जागा नसेल तर उजवीकडे घालता येतं, इथे जागाच एक. म्हणून १९८० मध्ये बात्स ओसेरला गेला. ओसेर म्हणजे बर्गंडीतलं छोटं गाव. गी रू या प्रशिक्षकाने तो क्लब खालच्या श्रेण्यांतून चढवत नेमका त्याच वर्षी पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये आणला होता.

आणि मग १९८२. वय पंचवीस. वृषणाचा कर्करोग. शस्त्रक्रिया, उपचार, सगळं झालं. आजारपणाच्या त्या काळात हा माणूस कविता लिहायला लागला. पुढे गाण्याची रेकॉर्डसुद्धा काढली. (गाणं कसं आहे ते ज्याने त्याने ऐकून ठरवावं, मी काही बोलत नाही.) तो परत उभा राहिला आणि १९८३ मध्ये फ्रान्सकडून पहिला सामना खेळला. एकूण ५० खेळला, १९८९ पर्यंत.

तेव्हाच्या फ्रान्सची ख्याती अशी होती की मधली फळी जगात एक नंबर आणि गोलात भोक. १९८२ च्या उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीकडून हरल्यावर तेव्हाचा कीपर एतोरी याच्या नावाने भरपूर खडे फोडले गेले. बात्स आला आणि ती कुरकुर थांबली. १९८४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, फ्रान्समध्येच झाला. पाचही सामने जिंकले, त्यात चार गोल खाल्ले, दोन युगोस्लाव्हियाचे आणि दोन पोर्तुगालचे. कप्तान प्लॅटिनीने एकट्याने नऊ मारले, त्यामुळे बाकी कुणाचं नाव निघत नाही हे समजू शकतो. पण मार्सेयच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेत पोर्तुगाल २-१ ने पुढे होता, फ्रान्सची बरोबरी ११४ व्या मिनिटाला आली आणि विजयी गोल ११९ व्या. मधल्या वेळात तिसरा गोल खाल्ला असता तर प्लॅटिनीचे नऊ शोभेला राहिले असते. अंतिम सामन्यात तर कीपरच्याच नशिबाचा खेळ झाला. प्लॅटिनीची फ्री किक स्पेनच्या आर्कोनाडाच्या पोटाखालून निसटली. एवढा मोठा कीपर, पण आज लोकांना त्याचा तेवढा एकच चेंडू आठवतो.

१९९२ मध्ये बात्स पीएसजीतून निवृत्त झाला आणि तिथेच प्रशिक्षकांच्या ताफ्यात शिरला. वर्ष लक्षात ठेवा, खाली त्यावर वाद होणार आहे याची खात्री आहे.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

वा भावा, झकास धागा. आमच्या कोल्हापुरात पेठेच्या टीमचा स्ट्रायकर चौकातल्या फ्लेक्सवर असतोय आणि कीपर फक्त हरल्यावर चर्चेत येतोय. शाहू स्टेडियमवर मॅच बघायला या कधी, गोलमागच्या बाजूला बसा. कीपरला काय काय ऐकून घ्यावं लागतंय ते कानांनी ऐका.

प्रॅक्टिसला पण तसंच. टीम शूटिंग करणार, कीपरने नुसतं उभं राहायचं. म्हणजे सराव स्ट्रायकरचा, कीपर फक्त अडथळा. म्हणून विचारतोय, हा कीपरचा कोच रोज नक्की करतो काय?

---

जुनाजाणता

८६ चा तो सामना आम्ही दूरदर्शनवर थेट पाहिला आहे. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला भर दुपारी बाराला सुरू झाला म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. संपेपर्यंत दोन वाजून गेले. चाळीतले निम्मे लोक ब्राझीलचे. उरलेले निम्मेही ब्राझीलचेच, फक्त प्लॅटिनीबद्दल आदर असलेले.

कारेकाने सुरुवातीलाच गोल मारला, मध्यंतराच्या आत प्लॅटिनीने बरोबरी केली. त्याचा त्या दिवशी वाढदिवसही होता, एकतिसावा. दुसऱ्या अर्धात झिको बदली म्हणून आत आला आणि आल्या आल्या त्याने ब्रांकोला असा पास दिला की बात्सला पुढे झेपावून त्याला पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे पेनल्टी दिलीही बात्सनेच आणि अडवलीही त्यानेच. हे चित्रफितीत कापलेलं असतं. पाय गरम व्हायच्या आत झिकोला मारायला लावली याची हळहळ ब्राझीलवाले अजून करतात.

मग शूटआउट. सॉक्रेटिस जवळजवळ जागच्या जागी उभं राहून मारायचा, दोन पावलांत. बात्सने ती काढली. पुढे प्लॅटिनीने आभाळात मारली, झुलिओ सेझारची खांबाला लागली आणि लुइस फर्नांडेझने संपवलं. ४-३.

पण धागाकर्त्याने सोयीस्करपणे पुढचा सामना गाळलाय. चारच दिवसांनी, त्याच गावात, पश्चिम जर्मनीविरुद्ध नवव्या मिनिटाला ब्रेमेची फ्री किक. फार जोरकस म्हणावी अशीही नव्हती. बात्सच्या अंगाखालून आत. शेवटी फोलरने दुसरा मारला, ०-२. आर्कोनाडाबद्दल जे वर लिहिलंय तेच दोन वर्षांनी बात्सच्या वाट्याला आलं.

---

फॉल्स_नाइन

धागा वाचनीय आहे पण मूळ मुद्दा पटला नाही. लिऑनने २००२ ते २००८ सलग सात वेळा लीग जिंकली ती ज्युनिन्यो, एसियाँ, दियारा, मालुदा, शेवटी बेन्झेमा यांच्या जोरावर. त्या काळात लीगमध्ये त्यांच्या तोडीचा पैसा आणि खेळाडूखरेदीची अक्कल कुणाकडे नव्हती. कीपरांच्या कोचला त्यातलं श्रेय देणं म्हणजे लग्न जुळल्याचं श्रेय मांडववाल्याला देण्यासारखं आहे.

आणि आठ साहेबांनी ठेवला म्हणजे चांगला होता हेही सिद्ध होत नाही. सरकारी कचेऱ्यांत तीस-तीस वर्षं लोक टिकतात.

---

अपर्णा_डो

आला, आला, काडीवाला आला. 🍿

---

दुसरा_खांब

@जुनाजाणता, ब्रेमेचा गोल गाळला कारण तो तुम्ही लिहिणार हे ठाऊक होतं. :) पण तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. चार दिवसांत देव आणि दगड दोन्ही झालेल्या माणसाला कीपरच्या डोक्यात काय चालतं हे कुणी शिकवावं लागत नाही.

@फॉल्स_नाइन, घ्या पुरावा.

ग्रेगरी कूपे १९९७ च्या सुरुवातीला लिऑनमध्ये आला, तोही कट्टर वैरी सेंट एतिएनकडून. चांगला कीपर, पण राष्ट्रीय संघाच्या आसपास नाही. २००० मध्ये बात्स आला. २००१ मध्ये कूपे फ्रान्सकडून पहिला सामना खेळला, वय अठ्ठावीस. २००३ ते २००६ सलग चार वर्षं खेळाडूंच्या संघटनेने त्याला लीगचा सर्वोत्तम कीपर ठरवलं. त्याच्यानंतर ह्यूगो लॉरिस, त्याला तोच मान तीनदा. आता तुम्ही म्हणाल लॉरिस नीसहून आला तेव्हाच भारी होता. होताच. रेमी वेर्कूत्र वर्षानुवर्षं दुसरा कीपर होता आणि दुसराच राहिला हेही कबूल. अँथनी लोपेस क्लबच्याच अकादमीतला, त्यात बाकीच्यांचाही हात. म्हणून मी कूपेवर बोट ठेवतोय. अठ्ठाविसाव्या वर्षी कीपर अचानक एक पायरी वर चढतो तेव्हा त्याच्याबरोबर रोज मैदानात कोण असतं हा प्रश्न रास्त आहे.

आता १९९२ ची गोष्ट. त्या उन्हाळ्यापर्यंत आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू कीपर खुशाल हातात घ्यायचा. बचावपटू मागे द्यायचा, कीपर उचलायचा, टप्पे मारायचा, वेळ काढायचा. १९९० च्या विश्वचषकात या प्रकाराचा इतका कंटाळा आला की १९९२ मध्ये नियमच बदलला. आता असा चेंडू हाताने घेतला की प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक. बात्सची संपूर्ण कारकीर्द जुन्या नियमातली. तो थांबला आणि नियम आला. म्हणजे जो खेळ तो स्वतः एक दिवसही खेळला नाही, तो त्याला पंचवीस वर्षं शिकवायचा होता. मोठे खेळाडू कोच म्हणून बहुतेक वेळा ‘आमच्या वेळी’ वर घसरतात. त्याची ती वाटच बंद झालेली.

आणि याचं सगळ्यात देखणं उदाहरण २००१ चं, बार्सिलोनाच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगमध्ये. लिऑनच्या कासापाने दबावाखाली मागे दिलेला चेंडू उंच उडाला आणि कूपेच्या डोक्यावरून गोलाकडे निघाला. हात लावायची सोय नाही. कूपे उलटा धावला, सूर मारून डोक्याने तो चेंडू आडव्या दांड्यावर मारला. चेंडू परत खेळात आला तो थेट रिवाल्डोच्या डोक्यावर, गोल उघडा. तोवर कूपे उठून उभा होता आणि रिवाल्डोचा हेडर त्याने हाताने काढला. दोन-तीन सेकंदांत आधी डोकं, मग हात. पहिल्या चेंडूला हात चालत नाही आणि दुसऱ्याला चालतो हे त्या धांदलीत सुचणं ही नुसती चपळाई नाही.

---

फॉल्स_नाइन

कूपेचा मुद्दा मान्य. सात विजेतेपदांचं मत कायम.

---

र्‍होनकाठची

लिऑनमध्ये बरीच वर्षं राहते आहे, नवरा क्लबचा भक्त, त्यामुळे जेर्लांच्या जुन्या स्टेडियमवर पुष्कळ सामने पाहिलेत. रंकाळा_एक्स्प्रेस यांच्या प्रश्नाचं उत्तर मला जेवढं दिसलं तेवढं सांगते.

सामन्याआधी सगळ्यात पहिले कीपर बाहेर येतात, त्यांच्याबरोबर त्यांचा कोच. स्टेडियम तेव्हा अर्धं रिकामं असतं, लोक सॉसेजची पावं खात जागा शोधत असतात. सुरुवात अगदी बाळबोध. कोच समोर पाच-सहा पावलांवर, हातातला चेंडू सोडून पायाने हलकेच छातीवर देतो. मग गुडघ्यावर. मग जमिनीलगत डावी-उजवी. चेंडूचा जोर हळूहळू वाढत जातो, पण अंतर तेवढंच. मग कोच बाजूला सरकतो आणि क्रॉस सुरू होतात, मध्ये दुसरा कीपर मुद्दाम खांदा लावायला उभा. शेवटचे काही फटके दुरून. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे: शेवटचा चेंडू नेहमी सोपा असायचा. कीपरने तो पोटाशी घ्यायचा, टाळी द्यायची आणि आत जायचं. गोल खाऊन आत गेलेला कीपर मी तरी पाहिला नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला की यात विशेष काही नाही, सगळीकडे असंच करतात. असेल. पण आपल्याकडे शाळेच्या टीमला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शिवाय ज्युनिन्योचा मुद्दा वर आलाय म्हणून. त्याने लिऑनसाठी चाळीसहून जास्त गोल थेट फ्री किकवर मारले. चेंडू हवेत ना धड फिरायचा ना सरळ जायचा, डगमगत यायचा. सरावात गोलात कोण उभं असायचं? लिऑनचे कीपर. रोज ते खेळून शनिवारी दुसऱ्या कुणाची फ्री किक आली तर ती सुट्टीसारखीच वाटणार.

लोपेसची एक गंमत. तो इथलाच, लिऑनच्या परिसरात वाढलेला, पण खेळला पोर्तुगालकडून. २०१६ च्या युरोच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालने फ्रान्सला पॅरिसमध्ये हरवलं तेव्हा तो पोर्तुगालच्या राखीव बाकावर होता. फ्रान्सच्या गोलात लॉरिस. दोघंही बात्सच्या हाताखालून गेलेले.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

नाद खुळा ताई! शेवटचा चेंडू सोपा द्यायचा, हे उद्यापासून आमच्या पोरांना चालू करतो.

---

मांडवीतीर

गोव्यातून नमस्कार. कीपरांचं कौतुक चाललंय तर आमच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बात्स फ्रान्सच्या गोलात होता त्याच काळात ते भारताच्या गोलात होते, कप्तानही होते. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ ला आणि पद्मश्री थेट २०२२ मध्ये. म्हणजे कीपरांची आठवण उशिरा येणं हा काही फ्रान्सचाच रिवाज नाही.

मूळ विषयावर. कीपर मुख्य प्रशिक्षक होऊ शकत नाहीत असा सूर कुठे कुठे दिसतो, तो काही खरा नव्हे. दिनो झॉफने युव्हेंटसला १९९० मध्ये युएफा कप जिंकून दिला आणि इटलीला २००० च्या युरोच्या अंतिम फेरीत नेलं. फ्रान्समध्येच बघा. मार्सेयने १९९३ मध्ये युरोपचा सर्वात मोठा चषक जिंकला तेव्हाचा प्रशिक्षक रेमों गोताल्स, हा बेल्जियन माणूस मुळात कीपर. बोर्दोने १९९९ मध्ये शेवटच्या दिवशी पीएसजीला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवून लीग घेतली तेव्हाचा प्रशिक्षक एली बोप, टोपीवाला, तोही कीपर.

उलट बाजूही आहे. वर ज्या एतोरीचा उल्लेख आला, त्याला १९९४ मध्ये वेंगरच्या जागी मोनॅकोने नेमलं आणि काही महिन्यांत ते पर्व संपलं. मिकाएल लांद्रो फ्रेंच लीगमध्ये ६१८ सामने खेळला, एतोरीचाच विक्रम मोडून. लोरिआँचा प्रशिक्षक म्हणून मात्र दोनच हंगाम टिकला. यातून एक दिसतं का बघा: गोताल्स आणि बोप खेळाडू म्हणून कुणाच्या खिजगणतीत नव्हते, पण प्रशिक्षक म्हणून जिंकले. एतोरी-लांद्रो नावाजलेले कीपर, पण खुर्ची लाभली नाही. झॉफ तेवढा अपवाद.

---

दुसरा_खांब

@मांडवीतीर, मोठा खेळाडू आणि मोठा प्रशिक्षक यांचा छत्तीसचा आकडा आऊटफील्डवाल्यांतही दिसतो, त्यामुळे हा खास कीपरांचा दोष आहे असं मला वाटत नाही. पण बात्स पीएसजीत मुख्य खुर्चीत असतानाचा काळ पाहण्यासारखा आहे, तो वर राहून गेला.

१९९४ ते ९६ मुख्य प्रशिक्षक लुइस फर्नांडेझ, म्हणजे ग्वादालाहारात शेवटची पेनल्टी मारणारा तोच. बात्स त्याचा सहायक. मे १९९६ मध्ये ब्रुसेल्सला रॅपिड व्हिएन्नाला १-० हरवून पीएसजीने कप विनर्स कप हा युरोपीय चषक जिंकला. फर्नांडेझ गेला आणि रिकार्डो गोमेझ आला. रिकार्डो म्हणजे ब्राझीलचा बचावपटू, बात्सच्या शेवटच्या हंगामात त्याच्याच पुढ्यात खेळलेला. ही जोडी दोन वर्षं चालली. १९९७ मध्ये पुन्हा त्याच कपच्या अंतिम फेरीत, रॉटरडॅमला, बार्सिलोनाकडून १-० हार, रोनाल्डोची पेनल्टी. १९९८ मध्ये फ्रेंच कप आणि लीग कप दोन्ही घरात.

मधला एक किस्सा मात्र मला फार आवडतो. ऑगस्ट १९९७, चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी, स्टेवा बुखारेस्ट. पहिला सामना पीएसजी ३-२ हरली. तेवढं भरून निघण्यासारखं होतं. पण लोराँ फूर्निये नावाचा खेळाडू (वरच्या यादीतला प्रशिक्षक नव्हे) निलंबित असताना खेळवला होता! कागदोपत्री घोळ. युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, निकाल ३-० करून टाकला. मारलेले दोन गोल गेले. परतीच्या सामन्यात पॅरिसमध्ये पीएसजीने ५-० हाणले, त्यात राई नावाच्या खेळाडूचे तीन. बाकावर रिकार्डो आणि बात्स. चुकीचा खेळाडू यादीत जाण्यात नेमका हात कुणाचा यात मी पडत नाही, पण दोन आठवडे या दोघांना झोप लागली नसणार.

त्यानंतर बात्स एकटा मुख्य प्रशिक्षक झाला तो दुसऱ्या श्रेणीत, शातोरूला. ते फार काळ टिकलं नाही. मग २००० आणि लिऑन. जोडीने दोन कप जिंकलेला माणूस सहायकाच्या हाताखालची जागा घेतो तेव्हा लोक ‘उतरला’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. मुख्य प्रशिक्षकाचे दिवस पत्रकार, एजंट, अध्यक्ष यांच्यात जातात. कीपरांच्या कोचकडे तीन-चार माणसं आणि चेंडूंची जाळी. कविता लिहिणाऱ्या माणसाला यातलं काय मानवेल?

---

जुनाजाणता

रुस्टची गोष्ट अर्धी सांगून सोडलीत म्हणून पुरी करतो. सोशोत रुस्ट पुढे आणि बात्स मागे होता. फ्रान्सच्या संघात नेमकं उलट झालं, ८४ च्या युरोतही आणि ८६ च्या विश्वचषकातही रुस्ट राखीव. पण ८४ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस ऑलिंपिकला फ्रान्सने जो दुसरा संघ पाठवला त्याच्या गोलात रुस्ट होता आणि त्यांनी सुवर्ण जिंकलं. ८६ ला तिसऱ्या क्रमांकाचा सामना बेल्जियमविरुद्ध, त्यातही रुस्टला उतरवलं, ४-२ जिंकले. मागे बसणाऱ्यांचंही बरं झालं म्हणायचं.

आणि बात्सने ओसेर सोडल्यावर त्याच्या जागी कोण उभा राहिला? ब्रुनो मार्तिनी. फ्रान्सच्या गोलातही पुढे तोच. आणि खेळ संपल्यावर तोही कीपरांचाच कोच, राष्ट्रीय संघाचा, दहाएक वर्षं. २००६ च्या विश्वचषकाआधी फ्रान्सच्या गोलात बार्थेझ की कूपे हा जो तमाशा झाला, कूपे शिबिरातून निघून काय गेला, परत काय आला, तेव्हा कूपेचा क्लबातला गुरू बात्स आणि देशाच्या संघातला मार्तिनी. २०२० मध्ये मार्तिनी गेला, साठीही गाठली नाही त्याने.

---

निरंजन_ठा

एक शंका. ८६ च्या त्या शूटआउटमध्ये फ्रान्सच्या बेलोनची पेनल्टी खांबाला लागून बाहेर आली, ब्राझीलच्या कीपरच्या पाठीला आपटली आणि आत गेली, ती गोल धरली. हे नियमात बसत होतं का? मित्राशी पैज लागलीय.

---

मांडवीतीर

आजच्या नियमांत स्पष्ट आहे. शूटआउटमध्ये चेंडू खांब, दांडा किंवा कीपर यांपैकी कशालाही लागून आत गेला तर गोल. मारणाऱ्याने मात्र दुसऱ्यांदा स्पर्श करायचा नाही. तेव्हा ब्राझीलवाले पंचांशी भरपूर भांडले, रोमानियाच्या पंचांनी ऐकलं नाही. पैज कुणी कोणत्या बाजूने लावली ते सांगा, मग निकाल देतो.

---

अपर्णा_डो

लिऑननंतर काय केलं त्याने? एवढा लांब धागा आणि शेवट सांगितलाच नाही.

---

र्‍होनकाठची

रेमी गार्द कॅनडात माँट्रियल इम्पॅक्टचा प्रशिक्षक झाला, २०१७ च्या शेवटी. वरच्या आठांच्या यादीतलाच गार्द. जाताना तो बात्सला घेऊन गेला. साठ वर्षांचा माणूस, लिऑनमधलं बस्तान मोडून बर्फात. तिथे इव्हान बुश नावाचा अमेरिकन कीपर त्याच्या हाती आला. २०१९ मध्ये गार्दला क्लबने काढलं.

इकडे लिऑनमध्ये बात्सची जागा कूपेने घेतली. तीनेक वर्षं त्याने लोपेसला सांभाळलं आणि २०२० मध्ये तोही दिजाँला निघून गेला. आमच्या घरी त्यावरून बरीच आदळआपट झाली, नवऱ्याचं म्हणणं कूपेला तहहयात ठेवायला हवा होता.

---

निरंजन_ठा

@मांडवीतीर, मी म्हणालो होतो गोल नाही. मित्राला हा धागा दाखवू नका प्लीज.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

दाखवणार. कोल्हापुरात पैज मोडत नसतात. मिसळ तुझ्याकडं लागली!